दगडाखालचा कोळसा

नवी कचेरी उघडायची तर आधी काय लागतं? मला कोणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं: टेबल, खुर्ची, कुलपाचं कपाट. मोजणी खात्यातले माझे वरिष्ठ तायडेसाहेब म्हणायचे, "दोन दगड. बाकी समदं भाड्याचं."

महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या दुसऱ्या वर्षाची गोष्ट. मेळघाटातल्या पिपलढाण्याला जमीन मोजणीची कचेरी उघडायचा हुकूम आला होता. परतवाड्याहून घाट चढून बस जिथं टेकते तिथून पुढं चार मैल बैलगाडी. गाव कोरकूंचं. पिढ्यान् पिढ्या वावरं कसत आलेलं, पण कुठल्याच वावराला नंबर नाही, नकाशा नाही, कागदावर नाव नाही. जंगलाची हद्द तेवढी जुन्या काळी मोजून दगड रोवून ठेवलेली. जंगल कुठं सुरू होतं ते सरकारला ठाऊक होतं. माणसं कुठं राहतात ते अजून लिहायचं होतं.

बैलगाडी थांबायच्या आत तायडेसाहेबांनी खाली उडी मारली. कचेरीसाठी घेतलेली खोली त्यांनी पाहिलीसुद्धा नाही. अंगणात फेरी मारली, टाचेनं जमीन ठोकली आणि ओरडले, "कोकणराजे! पहार काढा! इथंच!"

कोकणराजे म्हणजे मी. रत्नागिरीकडच्या खाडीकाठचा. सातवीत शाळा सुटली, चोविसाव्या वर्षी साखळी ओढणाऱ्याची हंगामी नोकरी मिळाली आणि बदलीच्या कागदानं मला थेट वऱ्हाडात आणून टाकलं. बायको घरी, पत्र पोचायला आठ दिवस. हंगामी माणसाला कधीही 'उद्यापासून येऊ नको' म्हणता येतं, याची मी रोज सकाळी उठल्याबरोबर स्वतःला आठवण करून देत असे.

तर पहार काढली. साहेबांनी स्वतः जमिनीत बोटभर जाडीचं खोल भोक पाडलं. खिशातून कोळसा काढला, दगडावर कुटून पूड केली, ती भोकात ठासली. वर चौकोनी दगड बसवला. दगडाच्या माथ्यावर छिन्नीनं कोरलेली फुली बरोबर त्या भोकावर यावी म्हणून ओळंबा धरून त्यांनी अर्धा तास घालवला. मग अमरावतीहून नुकतीच तपासून आणलेली साखळी ताणून तेहेतीस फुटांवर दुसरा दगड. त्याच्याखालीही कोळसा.

"हे कशाला साहेब?"

"दगड उद्या कोनी बी हलवंन. बैल धडकंन, पोट्टे उपटतीन. कोळसा सडत नाई, गंजत नाई, अन् कोनी चोरत बी नाई. माह्या आज्याची अक्कल हाय."

आमची साखळी सोळा आण्यांची; आणा म्हणजे तिचा सोळावा भाग. तेहेतीस फूट लांब, म्हणजे एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद तुकडा बरोबर एक गुंठा. रोज कामाला निघण्याआधी ती त्या दोन दगडांवर ताणायची. वापरून वापरून कड्या उघडतात, साखळी लांबते. लांबली की ठोकून सरळ करायची. हा नेम एक दिवसही चुकत नसे. साहेबांना ताप असला तरी घोंगडी पांघरून ते अंगणात येत आणि दगडाशी उकिडवे बसत.

तायडेसाहेब ठेंगणे, काळेसावळे, कायम घाईत. चालत नसत, सुटत. धोतराचा काचा मारलेला, वर सरकारी कोट, कोटाच्या उजव्या खिशात ओळंबा आणि डाव्यात कोळसा, त्यामुळे त्यांच्या सगळ्या कोटांचा डावा खिसा काळा. काहीही दिसलं की मोजायचं. अमरावतीला मी पहिल्यांदा रुजू झालो तेव्हा हातात माझी पत्र्याची ट्रंक तशीच असताना त्यांनी विचारलं, "इथून त्या लिंबापर्यंत किती?"

"असेल शंभरेक पावलं."

"असेल?" ते असे दचकले की जणू मी शिवी दिली. "अंदाज घरी ठेवून ये बाप्पा, उद्यापासून. 'असेल'वर इथं लोकायचे खून झाले."

मी त्या रात्री झोपलो नाही. सकाळी सहाला जाऊन लिंबापर्यंत मोजून आलो. एकशे बारा पावलं. सांगितलं तेव्हा ते इतके खूश झाले की कचेरीतल्या सगळ्यांना बोलावून म्हणाले, "पाहा, समुद्रावरून माणूस आला, अन् आल्या आल्या आपल्या लिंबाले जागेवर आणलं!"

त्यांच्या आज्याबद्दल त्यांनी एकदाच मोकळेपणी सांगितलं, तेही मूर्तिजापूरकडच्या एका गावी जे झालं त्यानंतर. तिथं दोन सख्ख्या भावांच्या धुऱ्याचा वाद होता. धुरा म्हणजे आमच्याकडे ज्याला बांध म्हणतात तो. त्यांतल्या थोरल्या भावाच्या मोठ्या घराच्या अंगणात आम्ही उतरलो. घरमालकांनी माझ्यासाठी ओट्यावर सतरंजी घातली. साहेबांचं आडनाव विचारलं, गाव विचारलं, आणि मग एक खुर्ची खाली अंगणात ठेवली. छप्पन साली साहेबांच्या घरानं दीक्षा घेतलेली. मालकांनी तोंडानं काही म्हटलं नाही. खुर्चीनंच सांगितलं.

साहेबांनी खुर्चीकडे पाहिलं नाही. नकाशा काढायचं तीन पायांच्या तिकाटण्यावरचं टेबल उचललं आणि सरळ ओट्यावर नेऊन मांडलं. स्वतः त्याच्यामागे उभे राहिले.

"साहेब, खाली बरं जागा हाय," मालक म्हणाले.

"हाय ना. पन टेबल समद्यात उच्च्या जागी लागते. नाहीतर नकाशा वाकडा येते. तुमच्याच वावराचा नकाशा, मी काय करू?"

मालकांनी नकाशाकडे पाहिलं, ओट्याकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं. मग आत वळून म्हणाले, "साहेबायले चहा आना इकडंच. वरतं." तीन दिवस आम्ही त्या ओट्यावर होतो. टेबल उंचावर लागतं असा कुठलाही नियम नाही, हे मला पुढं परीक्षेचा अभ्यास करताना कळलं.

त्या गावाहून परतताना साहेब म्हणाले, "माह्या आज्याले आमच्या गावची शीव तोंडपाठ. दोन गावायचं भांडन झालं की आज्याले बोलवत. डोक्यावर मातीचं ढेकूळ घेऊन थो चालला की थे शीव. पाटलाची बी हिंमत नोती नाही म्हनाची. अन् सांजच्याले त्याच पाटलाच्या ओट्याखाली उभा. समद्या गावाची शीव त्याच्या पायात, अन् गावात पाय ठेवाची चोरी." मग एकदम हसले. "कोळसा त्यानंच शिकवला. मले सरकारनं साखळी देली."

पिपलढाण्याचं काम म्हणजे आम्हाला जत्रा होती. लाल-पांढऱ्या झेंड्या लागल्या की सगळं गाव माळावर. साखळी ताणली की पोरं ओरडून मोजायची. म्हाताऱ्यांना वाटायचं सरकार जमीन न्यायला आलंय, साहेब त्यांना टेबलाजवळ बोलावून कागदावर बोट ठेवायचे, "हे तुयं वावर. हा नाला. हा तू बसून राह्यला थो दगड." कागदावर स्वतःला पाहून एक म्हातारा असा लाजला की त्यानं पागोट्यानं तोंड झाकलं. साहेब दिवसभर पळत असत आणि दर तासाला आम्हाला सांगत, "अरे, आजपर्यंत हे गाव दुनियेत नोतं! आपुन आनून राह्यलो!" मीसुद्धा पळायला लागलो होतो. घरी पत्रात लिहिलं होतं की मी एक गाव तयार करतोय.

गावचा अर्धा नकाशा पुरा झाला तेव्हा अमरावतीहून अधीक्षकसाहेब कचेरीचं उद्घाटन करायला येणार असं कळलं. तायडेसाहेब माळावर. अंगण सजवायचं काम माझ्याकडे. मी चुना आणला, विटा तिरप्या रोवून फाटकापासून दारापर्यंत दोन्ही बाजूंनी पांढरी रांग केली, झेंडूची रोपं लावली. सगळं देखणं झालं, फक्त मोजणीचा दुसरा दगड रांगेच्या शेवटच्या विटेला चार बोटं कमी पडत होता. डोळ्यात खुपत होता. उद्घाटनाच्या सकाळी, साखळीचा नेम झाल्यावर, मी तो उपसला, चार बोटं फाटकाकडे सरकवला, माती दाबली, जुन्या जागी झेंडूचं रोप लावलं आणि दगडाला चुना फासला. चार बोटं. आमच्या गावी चार बोटांचा हिशोब कोण करतं?

अधीक्षकसाहेब आले, अंगण पाहून "वा" म्हणाले, आणि जाहीर करून गेले की तीन आठवड्यांनी, बाजाराच्या दिवशी, ते परत येऊन गावकऱ्यांच्या हातात जमिनीचे कागद देतील.

दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीप्रमाणे साखळी ताणली. एक टोक माझ्या हातात. साहेब फुलीवर वाकले आणि तसेच राहिले.

"कोकणराजे, साखळी चार बोटं आखूड भरून राह्यली."

तेव्हाच सांगायचं होतं. दोन शब्दांचं काम होतं.

"साखळी लांबते माहीत हाय. आखडते काहून?"

"थंडी आहे ना साहेब," मी म्हटलं.

ते हसले. "थंडीनं माणूस आखडते राजा, लोखंड एवढं नाई." पण बाजाराचा दिवस जवळ होता, माळावर झेंड्या उभ्या होत्या, आणि त्यांचा जगात सगळ्यात जास्त विश्वास त्या दोन दगडांवर होता. साखळीचं दुसरं टोक धरणारा माणूस समोर खोटं बोलतोय हे त्यांच्या डोक्यात येणं शक्यच नव्हतं. त्यांनी जादा कड्या घालून साखळी वाढवली, दगडांशी जुळवली, आणि आम्ही पळत सुटलो. बारा दिवस त्या साखळीनं आम्ही गावचा उरलेला अर्धा भाग मोजला.

त्या अर्ध्यात शेवटचं वावर मुंगीबाईचं. विधवा बाई, साठीची, एकटी. गावच्या चौकात जंगलखात्यानं रोवलेला एक जुना दगड होता; त्या दगडापासून जंगलाच्या हद्दीच्या दगडापर्यंत सरळ रेष, तिच्या टोकाला तिचं वावर, आणि वावराच्या अगदी कडेला, जंगलाच्या दगडापासून पाच फुटांवर, मोहाचं झाड. उन्हाळ्यात ती त्याची फुलं वेचायची, वाळवायची, आणि पाऊस संपेपर्यंत त्यावर काढायची. तिचं धान्य दिवाळीनंतरच यायचं.

बाजाराला पाच दिवस उरले असताना जंगलाचा नाकेदार आपला जुना नकाशा घेऊन आला. आमचा नकाशा आणि त्याचा, दोन्ही कडेला कडा लावून जुळायला हवे होते. जुळेनात. मधे उजेडाची एक बारीक फट. त्यांच्या नकाशात चौकापासून जंगलाच्या दगडापर्यंत बरोबर चाळीस साखळ्या. आमच्यात एकोणचाळीस साखळ्या अकरा आणे.

नाकेदार वाईट माणूस नव्हता. हळूच म्हणाला, "साहेब, दहा फुटांची पट्टी मोकळी निघाली. कोनाच्याच नावावर नाई. अन् कोनाच्या नावावर नसली थे जंगलाची. तो नियम तुमाले बी माहीत हाय."

मुंगीबाई दारात उभी होती. तिला नकाशा कळत नव्हता, दहा फूट कळत नव्हते. तिनं एवढंच विचारलं, "मेरा मोहा?"

नाकेदार नकाशा गुंडाळू लागला. ती गेली आणि झाडाच्या बुंध्याशी जाऊन बसली. दुसऱ्या दिवशी आम्ही रेष परत मोजायला गेलो तेव्हाही बसलेली होती. एकोणचाळीस साखळ्या अकरा आणे. साहेबांनी साखळी कचेरीत आणून दगडांवर ताणली. बरोबर. परत गेलो, परत मोजली. एकोणचाळीस, अकरा. "झाड चालत गेलं काय?" ते कोणावर तरी ओरडले. मग पहिल्यांदाच मी त्यांना चालताना पाहिलं. सावकाश. कचेरीच्या पायरीवर बसले, भाकर तशीच राहिली.

"जंगलाचा नकाशा जुना, थोच चुकला असंल," ते म्हणाले, आणि स्वतःच थांबले. "असंल. पाह्यलं काय राजा? मी बी 'असंल' म्हनून राह्यलो."

तो शब्द त्यांच्या तोंडून ऐकला आणि माझ्यानं राहवेना. नोकरी जाईल, खाडीकाठी परत जाऊन काय तोंड दाखवू, हे सगळं डोक्यात होतंच. तरी बोललो. पायरीखाली उभं राहून, त्यांच्याकडे न बघता. "साहेब, दगड मी हलवला. उद्घाटनाच्या आधी. रांगेत बसत नव्हता म्हणून."

मग मी वर पाहिलं तर ते उभे राहिले होते. माझ्या थोबाडीत बसणार असं मी धरून चाललो.

"कोन्ता?"

"फाटकाकडचा."

"पहार आन! धाव!"

झेंडूच्या रोपासकट माती उपसली. साहेब पोटावर आडवे, हातानं माती उकरत. वीतभर, मग आणखी वीतभर. मग त्यांचं बोट काळं होऊन वर आलं. खाली मातीत काळा टिपका, बोटभर रुंद, जसा ठासला होता तसा. कोळसा! त्यांनी अशी आरोळी ठोकली की शेजारची माणसं धावत आली.

"आजा जिंकला! पाह्य राजा, आजा जिंकला!"

दगडाची फुली आणि कोळशाचा टिपका यांत त्यांनी अंतर मोजलं. तीन इंच. ते हवेत बोटांनी आकडे लिहू लागले. "साखळीमागं तीन इंच. चाळीस साखळ्या, एकशेवीस इंच. दहा फूट! फट दहा फुटाची! लेका, तुह्यी चूक इमानदार हाय! बारा दिवस, दर साखळीले तेवढीच! खोटं एकसारखं असलं तर त्याचं खरं करता येते!"

जादा घातलेल्या कड्या काढल्या. दगड कोळशावर परत बसला. साखळी ताणली, जुळली. मग ते म्हणाले, "आता एक रेष मोजाची. समद्या गावासमोर."

ती सकाळ मी जन्मात विसरणार नाही. चौकातल्या दगडापासून निघालो. पोरं, बाया, नाकेदार, म्हातारे, सगळं गाव रेषेच्या दोन्ही बाजूंनी. पुढं साहेब, मागं मी. दर साखळीला गाव एका तोंडानं आकडा ओरडायचं. तीस. पस्तीस. नाला ओलांडला. अडतीसला मुंगीबाई झाडापासून उठून उभी राहिली. एकोणचाळीस. शेवटची साखळी ताणताना मी टोकाऐवजी मुंगीबाईकडे पाहिलं तसे साहेब ओरडले, "ढिली सोडू नको, कोकण्या!" ताणली. टोक जंगलाच्या दगडावर, अगदी मधोमध टेकलं.

"चाळीस!" गाव ओरडलं, आणि नाकेदारही ओरडला.

साखळी जिथं टेकली तिथून झाडापर्यंत मुंगीबाई स्वतः पावलं मोजत गेली. खोडाला हात लावला आणि हसली. तोंडात दोनच दात.

तीन दिवस आम्ही आकडे दुरुस्त करून नकाशा नव्यानं काढला. रेघा ते ओढत, आकडे मी वाचत. मधेच त्यांनी पेन माझ्या हातात दिलं आणि मी माझ्या आयुष्यातली पहिली रेघ ओढली. मुंगीबाईच्या वावराची, जंगलाकडची. बाजाराच्या दिवशी कागद वाटले गेले.

अधीक्षकसाहेबांनी नकाशा दुसऱ्यांदा का काढावा लागला याचं कारण लिहून मागितलं. तायडेसाहेबांनी लिहिलं, 'साखळी तपासताना माझी चूक झाली.' एवढंच. मी विचारलं तर चिडले. "दगड कोनी हलवला हे लिहाले रकाना नाई. साखळी मी तपासली, सही माही हाय. मी आखडलेली साखळी पाह्यली अन् थंडीवर इश्वास ठेवला. मूर्ख कोन?" त्या शेऱ्यानं त्यांची बढती पुढं ढकलली गेली, हे मला दुसऱ्यांकडून कळलं. त्यांनी मात्र मला परीक्षेला बसवलं, दोनदा नापास झालो तरी तिसऱ्यांदा बसवलं. मी निवृत्त झालो तो मोजणीदार म्हणून. हंगामी म्हणून नव्हे.

पुढच्या वर्षी त्यांची बदली झाली. चांद्याकडच्या जंगलात आणखी एक नवी कचेरी उघडायची होती, तेही गाव कागदावर नव्हतं. बसथांब्यावर मी त्यांना पोचवायला गेलो. वळकटी टपावर चढवली. ते खूश होते, लहान मुलासारखे. नव्या गावाचं नाव चार वेळा सांगितलं. बस सुरू झाली आणि ते एकदम दारातून खाली उतरले.

"थांबवा! थांबवा!"

चहावाल्याच्या भट्टीपाशी धावत गेले, विझलेले कोळसे मूठभर उचलले, डाव्या खिशात कोंबले. पैसे द्यायला लागले तर चहावाला म्हणाला, "कोळशाचे काय पैसे घ्याचे साहेब?" तसेच पळत आले. जाता जाता माझ्या पाठीवर जोरात थाप मारली, "अंदाज घरी ठेवजो, राजा!" आणि चालत्या बसच्या पायरीवर चढले. बस घाटाच्या वळणाला लागेपर्यंत दारात उभे राहून ते रस्त्याकडेचे मैलाचे दगड मोजत होते, ओठ हलताना दिसत होते.

खोलीवर येऊन सदरा काढला तेव्हा पाठीवर त्यांचा पंजा उमटलेला दिसला. पाचही बोटं, काळी. मी तो सदरा तसाच घडी घालून ट्रंकेत ठेवला. धुतला नाही.